कुलूप मालकाने काढले

१

माझा भाऊ कागदाच्या मिलमध्ये, लगद्याच्या हौदात मेला. भर दुपारी, सगळे कामावर असताना. कसा मेला ते मशीननं स्वतःच लिहून ठेवलं होतं. दोन ओळी.

कुलूप मालकाने काढले.
मशीन सुरू.

मॅनेजरनं छापलेला कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. बाजूच्या खुर्चीत सरकारी तपासणी अधिकारी बसले होते. चौकशीला घरचं एक माणूस हजर राहू शकतं, म्हणून मी होते. लोकांचे बिघडलेले प्रोग्राम दुरुस्त करून मी पोट भरते. घरात दुसरं कुणी त्या कागदाकडे बघू शकेल अशी स्थिती नव्हती.

"मालक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ज्यानं कुलूप लावलं तो. म्हणजे तुमचे बंधू."

हौद म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी बुडतील असं लोखंडी पिंप. रद्दी, पुठ्ठे, पाणी वरून ओतायचं आणि तळातलं पातं ते घुसळून लगदा करतं. गठ्ठ्यांच्या तारा त्या पात्याला गुंडाळल्या जातात. मग हौद रिकामा करून एकानं शिडीनं आत उतरायचं आणि कात्रीनं तारा तोडायच्या. हे काम दादाचं. उतरण्याआधी हौदाच्या तोंडाशी असलेल्या पॅनलवर 'कुलूप' दाबायचं. मग मशीन कुणाच्या बापाच्यानं सुरू होत नाही. पॅनल दोन, एक वर हौदाशी, एक खाली; कुलूप काढता येतं ते ज्या पॅनलवरून लावलं त्याच पॅनलवरून.

"म्हणजे त्यांनी वर कुलूप लावलं," मॅनेजर म्हणाला, "मग काढलं, आणि काढून परत आत उतरले. खालच्या माणसानं नेहमीप्रमाणे सुरू केलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? आम्हाला फार वाईट वाटतं, ताई. पण मशीनला खोटं बोलता येत नाही."

"तुम्ही आत्महत्या म्हणताय?"

"तो शब्द मी वापरलेला नाही."

नव्हताच वापरला. तो माझ्या तोंडून काढून घेतला आणि हात झटकले.

अधिकारी खोकले. "घरात त्या दिवशी काही झालं होतं का?"

"काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

ते खोटं होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

२

वहिनी एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होती. खिडकीत दादाची बनियन अजून चिमट्याला लटकत होती. ती काढायला कुणाचा हात धजत नव्हता.

"वन्सं, मीच बोलले त्यांना," ती म्हणाली. "सकाळी."

"काय बोललात?"

"माझी आई दवाखान्यात आहे. भेटायला येतो म्हणाले होते, सुट्टी टाकतो म्हणाले होते. आणि सकाळी बघते तर डबा मागतायत. म्हटलं, जा. त्या हौदाशीच संसार करा. नाही आलात घरी तरी चालेल."

टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. हसले. बूट घातले, गेले."

"अहो वहिनी, तुम्ही रोज भांडता. या भिंती साक्षीला आहेत."

"हो. पण रोज ते संध्याकाळी घरी येतात."

मिलनं दादाचं सामान खाकी पाकिटात पाठवलं होतं, ते मी उघडलं. घड्याळ. चष्म्याची डबी. डब्याचा चमचा. आणि गळ्यातल्या सुतळीत ओवलेली पितळी किल्ली.

ती किल्ली मी लहानपणापासून बघत आले. पॅनल यायच्या आधी मिलमध्ये खरी कुलपं असायची, प्रत्येकाचं आपापलं. हौदात उतरणाऱ्यानं आपलं कुलूप विजेच्या मुख्य खटक्याच्या दांड्यात अडकवायचं, किल्ली गळ्यात घालायची आणि खाली जायचं. तीन माणसं आत असली तर दांड्यात तीन कुलपं लोंबायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. मालक आला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. पॅनल बसले तेव्हा मिलनं सगळी कुलपं गोळा केली. दादानं आपलं दिलं नाही. सायकलला लावलं. ती सायकल अजून मिलच्या शेडमध्ये उभी होती आणि हलवा म्हणून वॉचमनचे निरोप येत होते.

"आणू का सायकल? किल्ली आहे."

"नको. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं." वहिनीच्या ओठांवर काहीतरी हललं, हसू म्हणता येईल असं. "मी डबा उघडून बघायला गेले तर म्हणायचे, हात लावू नकोस, माझं कुलूप आहे." मग ते हसू गेलं. "आणि स्वतःचं स्वतःच्या हातानं काढलं, वन्सं. मी सांगितलं म्हणून."

मी तिचा हात धरला. लाकडासारखा होता. मला त्या क्षणी पक्कं कळलं, त्या दोन ओळी खऱ्या ठरल्या तर मिलनं एक माणूस खाल्लाय आणि दुसरं माझ्या समोर बसलंय.

उठताना ती म्हणाली, "टकटक्याभाऊ आले होते. ह्यांनी शेवटी काहीतरी सांगितलं होतं म्हणे, ते मलाच सांगायचंय. मी दार उघडलं नाही."

"का?"

"काय सांगितलं असेल, ते मला ठाऊक आहे."

३

टकटक्या म्हणजे दादाचा जोडीदार. मिलमधला खालचा माणूस, रद्दी वर नेणाऱ्या पट्ट्यावरच्या पॅनलवर उभा राहणारा. हात लागेल त्या वस्तूवर बोटं वाजवायची खोड, म्हणून टकटक्या. खरं नाव पगारपत्रकालाच माहीत असेल. तो मला मिलच्या कॅन्टीनमध्ये भेटला. बाकावर बोटं वाजत होती.

"छोटी, जेवलीस का?"

"टकटक्याभाऊ, बटण तुम्ही दाबलंत?"

बोटं थांबली नाहीत. "हो. मीच. रोज मीच दाबतो."

"दादा आत आहे हे माहीत नव्हतं?"

"उतरला होता हे माहीत होतं. वर आला का, ते माहीत नव्हतं. म्हणून तर दाबलं."

मला कळेना. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी भाकरीला पीठ लागतं का असं विचारलंय.

"अगं, विचारायला दाबतात. पूर्वी मान वर केली की दांड्यातली कुलपं दिसायची. आता खाली दिवा नाही, काही नाही. त्या घरघराटात हाक कोण ऐकतो? म्हणून बटण दाबायचं. आत कुणी असलं तर मशीन नाही म्हणतं, खर्रकन आवाज करतं. मग थांबायचं. परत दाबायचं. बाहेर आला की घेतं. आम्ही सगळे असंच करतो. दोन वर्षं करतोय. एकदाही चुकलं नाही."

"आणि त्या दिवशी?"

"एकदा दाबलं, नाही म्हणालं नाही. भोंगा वाजला. मला वाटलं, आला वर." बोटं बाकावर जोरात वाजायला लागली. "मॅनेजर म्हणतात कुलूप त्यानं आधीच काढलं होतं. तसंच असणार. नाहीतर घेतलंच नसतं मशीननं."

भोंगा वाजल्यावर पातं फिरायला जरा वेळ जातो, पळता यावं म्हणून. मी विचारलं, दादानं भोंगा ऐकला नसेल का?

"बहिऱ्यालाही ऐकू जातो तो." तो खाली बघत राहिला. "पहिला मीच डोकावलो आत. कात्री तारेत अडकलेली होती, छोटी. अर्धी तुटलेली तार. भोंगा वाजत होता आणि हा तार तोडत होता."

मरायला आत गेलेला माणूस भोंगा वाजत असताना मिलची तार कशाला तोडेल? हे मी अधिकाऱ्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. पण मला माझ्या भावाचं मन माहीत होतं. भोंगा वाजला तरी तो हलला नाही, कारण त्याचं कुलूप लागलेलं होतं. मशीन सुरू होणारच नाही याची त्याला खात्री होती.

"तुम्ही वहिनीकडे गेला होतात. काय म्हणाला होता तो?"

"ते वहिनींचं आहे. त्यांनाच सांगेन." तो उठला. चार पावलं गेला आणि वळला. "पॅनल चालवणारी ती कंप्युटरची पेटी बदलली होती त्या आठवड्यात. जुनी जळली म्हणून. माहितीये ना तुला?"

नव्हतं माहीत. कुणीच सांगितलं नव्हतं.

४

पॅनलमागचा प्रोग्राम लिहिणारी मुलगी गावातल्याच एका काचेच्या ऑफिसात बसत होती. मी कोण ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला. पण तिनं पळ काढला नाही. टेबलावर तिनं दोन छोटे पॅनल मांडून ठेवले होते, मिलमधल्यासारखेच.

"बघा तुम्हीच," ती म्हणाली. "मी अपघाताचं कळल्यापासून हेच करतेय."

मी एका पॅनलवर कुलूप लावलं. तिनं दुसऱ्यावरून सुरू दाबलं. खर्र. नाही. पुन्हा दाबलं. नाही. मी दाबलं, माझ्याच पॅनलवरून, आणि छोटा भोंगा वाजला.

"हे काय? मी 'सुरू' दाबलं. कुलूप कधी काढलं?"

"नुसतं कुलूपही काढता येतं, पण सुरू दाबलं तरी ते आपोआप निघतं. मालकानं सुरू दाबलं की कुलूप काढून मशीन सुरू. आधी दोन बटणं दाबावी लागायची, मॅनेजरसाहेबांनीच बदलून घेतलं. म्हणाले, एका दाबण्यात झालं पाहिजे, माणसं वेळ घालवतात."

मी पिशवीतून तो कागद काढला. दोन ओळी. दोन्हींच्या शेजारी वेळ एकच, सेकंदासकट. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी शब्दच वाचत बसले होते. कुलूप काढणं, शिडीनं उतरणं, मग कुणी खाली बटण दाबणं एका सेकंदात जमत नाही. मॅनेजरची गोष्ट तिथेच मेली. कुलूप निघालं आणि मशीन सुरू झालं ते एकाच दाबण्यानं.

पण म्हणून दादा सुटत नव्हता. वरच्या पॅनलवरून त्यानं स्वतःच सुरू दाबलं आणि भोंगा वाजेपर्यंत शिडी उतरला, असंही कुणी म्हणेल.

"मालक कोण, ते प्रोग्रामला कसं कळतं?" मी विचारलं.

"प्रत्येक पॅनलचं काम वेगळा थ्रेड बघतो." थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी राबणारे वेगवेगळे हात. "प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. कुलूप लावताना तो लिहून ठेवते. सुरू दाबताना विचारते, तुझा क्रमांक तोच आहे का? असेल तर मालक."

"पॅनलला साधा नंबर का नाही दिलास?"

"पॅनल अदलाबदल झाले तर घोळ झाला असता. दोन थ्रेडचे क्रमांक कधीच सारखे नसतात." ती रडवेली झाली. "मॅडम, तुमच्यासमोर नाही म्हणालं ना ते? माझं चुकलं असेल तर सांगा. मला झोप नाही."

माझ्यासमोर नाही म्हणालं होतं, हे खरं. तोच प्रोग्राम, तेच शब्द, तीच तपासणी. टेबलावर शहाण्यासारखा वागणारा प्रोग्राम मिलमध्ये जाऊन माझ्या भावाला दगा कसा देतो?

"मिलमधल्या पेटीत हाच बसवलाय?" 

"माझा प्रोग्राम हाच आहे. पण पेटीत बसवला पेटीवाल्यानं."

५

पेटीवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्या, तारा, अर्धवट सांगाडे. तो स्वतः तोंडात स्क्रू धरून बोलायचा.

"नवी पेटी स्वस्तातली होती हो. तिच्यात प्रोग्रामला लागणाऱ्या तयार तुकड्यांच्या लायब्रऱ्याच नव्हत्या. प्रोग्राम चढवला तर हे सापडत नाही, ते सापडत नाही. मॅनेजर डोक्यावर उभा, हौद बंद आहे म्हणून. मग मी काय केलं, सगळं एकाच गोळ्यात कोंबलं. स्टॅटिक. प्रोग्रामला जे जे लागतं ते त्याच्याच पोटात. एकदाही कुरकुर न करता चाललं."

"तपासलंत?"

"म्हणजे काय! कुलूप लावलं, सुरू केलं, बंद केलं. वरच्या पॅनलवर केलं, मग खाली जाऊन केलं. ए वन."

"वर कुलूप लावून खालून सुरू करून पाहिलंत?"

त्यानं तोंडातला स्क्रू काढला. "एकटा होतो ना मी. दोन पॅनलवर एका वेळी कसा उभा राहू?"

तो लबाड नव्हता, हे मला दिसत होतं, आणि त्यानं माझा राग आणखी वाढला. लबाड माणूस असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

मुलीचा प्रोग्राम आणि पेटीवाल्याची कृती घेऊन मी घरी बसले. त्यानं केला तसाच गोळा बांधला. मग दोन ओळी घातल्या: वरच्या थ्रेडनं स्वतःचा क्रमांक सांगावा, खालच्यानं स्वतःचा.

वरचा म्हणाला, एक.

खालचा म्हणाला, एक.

मी आणखी चार थ्रेड उभे केले. एक, एक, एक, एक.

कारण सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझ्या भावाची गोष्ट कळत नाही. प्रोग्राम बांधताना लिंकर नावाचा कारागीर लागतील ते तुकडे लायब्ररीच्या पेटाऱ्यातून काढून जोडतो. तुकडे नावानं मागितले जातात. काही नावं पक्की मागितलेली असतात. तो तुकडा मिळाला नाही तर कारागीर काम थांबवून ओरडतो. काही नावं दुबळी मागितलेली असतात. आमंत्रण असतं पण आग्रह नसतो, जमलं तर या. अशा नावासाठी कारागीर पेटारा उघडायचे कष्ट घेत नाही. तुकडा आयताच हाताशी असला तर जोडतो, नसला तर त्या जागी शून्य ठेवतो आणि पुढे जातो. ओरडत नाही. एक अक्षर बोलत नाही.

थ्रेड उभे करणारं नाव पक्कं मागितलेलं होतं, म्हणून थ्रेड आले आणि राबत होते. पण त्या प्रोग्रामखालची लायब्ररी, 'इथे थ्रेड आहेत का?' हे एका दुबळ्या नावावरून ओळखत होती. मुलीच्या टेबलावर सगळ्या लायब्रऱ्या शाबूत होत्या, ते नाव भरलेलं होतं. पेटीवाल्याच्या गोळ्यात ते कुणी आणलंच नाही. मी नावांची यादी उघडून पाहिली. बाकी प्रत्येक नावापुढे पत्ता होता. या नावापुढे एक बारीक खूण, दुबळं, आणि पुढे कोरं. लायब्ररीनं त्या कोऱ्या जागेकडे पाहून समजूत करून घेतली की या घरात मी एकटीच आहे. आणि एकट्याला कुणी विचारलं तू कोण, तर तो ठरलेलं उत्तर देतो. एक.

वर दादानं कुलूप लावलं, मालक एक. खाली बटण दाबलं, तू कोण? एक. मग तूच मालक. कुलूप मालकाने काढले. मशीन सुरू.

सकाळचं ऊन टेबलावर पसरलं होतं आणि मी तोंडावर हात धरून बसले होते. दादानं काढलं नव्हतं. वहिनीला सांगता येणार होतं. मी चप्पल पायात घातली सुद्धा, आणि दारातच थांबले.

दादानं नाही काढलं, तर मग पुढचा प्रश्न कुणीही विचारेल. कुणाच्या बोटानं काढलं?

६

ते मी टाळू शकत होते का? दोन दिवस विचार केला. वहिनीला खासगीत सांगून गप्प बसता आलं असतं. पण ती पेटी अजून तिथेच होती आणि दुसरा हौद त्याच पेटीवर चालू होता. त्यात रोज कुणीतरी उतरत होतं.

अधिकाऱ्यांनी हौदाजवळ सगळ्यांना बोलावलं. पातं फिरू नये म्हणून त्याचा पट्टा काढून ठेवला होता. टकटक्या आपल्या पॅनलपाशी, रोजच्या सवयीनं. बोटं कठड्यावर वाजत होती. मी वर गेले, दादा उभा राहायचा तिथे, आणि कुलूप दाबलं. तांबडा दिवा लागला.

"हं," अधिकारी खालून म्हणाले. "आता रोजचा माणूस दाबेल."

टकटक्यानं हात उचलला.

"थांबा!" मी वरून ओरडले. "ते नाही. मॅनेजरसाहेब दाबतील."

"मी कशाला?" मॅनेजर म्हणाला. "माझं काय काम?"

"तुम्हीच म्हणालात ना, मशीनला खोटं बोलता येत नाही? मग घाबरता काय? मालक मी आहे. दाबा."

टकटक्यानं वर माझ्याकडे पाहिलं. तो हुशार माणूस. मी त्याचं बोट का नको म्हटलं, हे त्याला कळायला लागलं होतं. ते मला कळलं, आणि मला वाटलं खाली धावत जावं.

मॅनेजरनं बाजूला सरकायची खूण केली आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

भोंगा वाजला.

खरोखर बहिऱ्यालाही ऐकू गेला असता. माझ्या पायाखालची जाळी थरथरत होती. तांबडा दिवा माझ्या डोळ्यांदेखत विझला, आणि पॅनलच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली. कुलूप मालकाने काढले. मशीन सुरू.

"वाचा मोठ्यानं," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी खालच्या पडद्यावरून वाचलं. मग मॅनेजरकडे पाहिलं. "तुम्ही मालक दिसता."

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी बघितला नाही. मी टकटक्याकडे बघत होते. भोंगा थांबला होता, मोटार थांबली होती, आणि त्या सगळ्या शांततेत काय कमी आहे ते मला क्षणभर कळेना.

त्याची बोटं थांबली होती.

मग मी खाली येऊन सगळं सांगितलं. दुबळं नाव, कोरी जागा, एक आणि एक. मॅनेजरनं ऐकलं आणि त्याला वाट सापडली.

"म्हणजे दोष कुणाचाच नाही. त्या कोऱ्या जागेचा."

"कोऱ्या जागेनं दोन बटणांचं एक केलं नाही," मी म्हणाले. "कोऱ्या जागेनं स्वस्तातली पेटी आणली नाही. खाली दिवा नको असं कोरी जागा म्हणाली नाही. पितळी कुलपं गोळा करून कोऱ्या जागेनं भंगारात घातली नाहीत. माणूस मेल्यावर त्याच्या बायकोच्या माथी त्याचं मरण कोऱ्या जागेनं मारलं नाही. ते तुम्ही केलंत, साहेब. त्या केबिनमध्ये. माझ्यासमोर."

अधिकाऱ्यांनी दोन्ही हौद तिथल्या तिथे बंद करायला लावले. अहवालात काय आलं म्हणाल तर 'तांत्रिक दोष, मयताची चूक नाही'. तेवढंच. मॅनेजर अजून मॅनेजर आहे.

मी वळून पाहिलं तेव्हा टकटक्या गेलेला होता.

७

वहिनीला मी पेटीचं सगळं सांगितलं. तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे कुलूप लावलेलं होतं?"

"लावलेलं होतं. शेवटपर्यंत. भोंगा वाजला तरी तो कामच करत होता."

"मला वाटलं..." ती म्हणाली, आणि तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. मी तिला रडू दिलं.

दारावर थाप पडली. टकटक्या असता तर बोटं वाजली असती. थाप साधीच होती, पण दारात उभा होता तो टकटक्याच. हात खिशात कोंबलेले.

"वहिनी, आत येणार नाही," तो म्हणाला. "छोटीनं सांगितलं असेल."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोटाबद्दल सांगितलं नव्हतं. तिला ते आत्ता, त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"माझं बोट होतं, वहिनी. तो आत होता, कुलूप लावून होता, आणि मी काढलं. मशीनला विचारत बसलो. चार पायऱ्या चढून डोकावलो असतो तर दिसला असता. पूर्वी डोकावायचो."

त्यानं हात खिशात आणखी खोल कोंबले.

"तेवढं सांगायला आलो. आणि त्याचा निरोप. उतरायच्या आधी म्हणाला होता."

वहिनीचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. "सांगा."

"म्हणाला, आज घरी भोंगा वाजलाय सकाळीच. जेवणाची सुट्टी घेत नाही, हौद आत्ताच उरकतो आणि लवकर सुटतो. सासूबाईंना भेटून येतो, हिला न सांगता. घरी गेल्यावर ही परत तोंड उघडेल तेव्हा म्हणेन, आधी आईला फोन कर. मग बघ म्हणाला, टकटक्या, कशी गप्प बसते. निदान आठवडाभर." टकटक्याचा आवाज फुटला. "हसत होता हो. हसत उतरला."

वहिनीच्या तोंडून एक आवाज आला. हसू होतं. अर्ध्यातच त्याचं दुसरं काहीतरी झालं आणि ती भिंतीला टेकली.

टकटक्या जायला वळला. त्याची पाठ म्हाताऱ्यासारखी दिसत होती. मला त्याला हाक मारायची होती, पण काय म्हणू? तुमचा दोष नाही? ते मी अधिकाऱ्यांना पटवून दिलं होतं. त्याला कुणीच पटवू शकणार नव्हतं.

"थांबा," वहिनी म्हणाली.

ती आत गेली. खाकी पाकिटाचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात सुतळीतली किल्ली होती.

"त्यांची सायकल शेडमध्ये आहे. घेऊन या."

टकटक्या मागे सरकला. "मी नाही, वहिनी. ते त्याचं कुलूप आहे. ज्याचं कुलूप..."

"मला माहीत आहे. मला शिकवू नका." तिचा आवाज एकदम दादाशी भांडतानाचा झाला. "आता ते माझं आहे. आणि मी सांगतेय, तुम्ही काढा. तुमच्याच हातानं."

त्यानं खिशातून हात काढला. तिनं किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

संध्याकाळी आम्ही दोघी खिडकीत उभ्या होतो. तो रस्त्याच्या टोकाला दिसला. पितळी कुलूप हँडलला लोंबत होतं, उघडं. मिल इथून लांब आहे, आणि तो सायकल चालवत नव्हता. हातानं धरून, ढकलत आणत होता.